आरोपीच्या बाजूने : एका विद्यार्थ्याची उन्हाळी सुटी

नागरिकशास्त्राच्या तासाला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. मूलभूत हक्कांचा पाठ चालू असतो, अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून आपला बचाव करवून घेण्याचा हक्क आहे, हे घटनेचे बाविसावे कलम मी समजावून सांगत असतो, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतो, "पण सर, ज्याने चोरी केली त्याला वकील कशाला?" वर्ग हसतो. विचारणारा मात्र हसत नाही, कारण त्याला तो प्रश्न खराच पडलेला असतो. यंदाच्या अंकासाठी काही अभ्यासपर लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा एका तासात पुरे न होणारे ते उत्तर येथे जरा सविस्तर द्यावे असे मनात आले.

उत्तराचा आरंभ मी दूरच्या देशातून करणार आहे. त्याला कारण आहे. अमेरिकेत हाच प्रश्न नेमका उलट बाजूने विचारला गेला होता : मजजवळ पैसे नाहीत म्हणून मला वकील का नाही? विचारणारा कोणी पंडित नव्हता. आठवीच्या पुढे शाळा न पाहिलेला, पन्नाशीचा, पूर्वी अनेकदा तुरुंगाची हवा खाल्लेला असा तो एक दरिद्री मनुष्य होता. आणि त्याला उत्तर मिळवून देण्याच्या कामी कायद्याचा एक तेवीस वर्षांचा विद्यार्थी आपली उन्हाळी सुटी खर्चीत होता.

फ्लॉरिडा राज्यात पनामा सिटी नावाचे गाव आहे. पनामा देशाशी त्याचा संबंध नाही; नकाशात शोधताना गफलत करू नका. १९६१ सालच्या जून महिन्याच्या ३ तारखेला पहाटे तेथील एका पूल खेळण्याच्या अड्ड्याचे दार फोडलेले आढळले. सिगारेटचे यंत्र आणि गाणी वाजविणारे यंत्र उघडून त्यांतील नाणी कोणीतरी पळविली होती. एका तरुणाने पोलिसांना सांगितले की, खिडकीतून आपण क्लॅरन्स अर्ल गिडियन ह्याला आत पाहिले. गिडियनला पकडले तेव्हा त्याच्या खिशात बरीच नाणी होती. ती आपण जुगारात मिळविली, असे तो म्हणाला.

ऑगस्टच्या ४ तारखेला खटला उभा राहिला. गिडियनने न्यायाधीशांना सांगितले की मला वकील नेमून द्यावा. फ्लॉरिडाच्या कायद्याप्रमाणे देहान्ताची शिक्षा होऊ शकेल अशाच खटल्यात न्यायालय वकील देत असे. न्यायाधीशांनी तसे सांगून विनंती नाकारली. त्यावर गिडियन म्हणाला, मला वकील मिळालाच पाहिजे असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते. गंमत अशी की, ह्या बाबतीत गिडियन चुकत होता. सर्वोच्च न्यायालयाने तोवर तसे म्हटलेलेच नव्हते.

मग त्याने आपला खटला आपणच चालविला. समोर सहाजणांची ज्यूरी. ज्यूरी म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच. आपल्याकडेही ती पूर्वी होती, पण १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा राहिली नाही. गिडियनने त्या ज्यूरीपुढे भाषण केले, साक्षीदार बोलाविले, उलटतपासणी केली. मुख्य साक्षीदाराला त्याने विचारले की, इतक्या पहाटे तू तेथे काय करीत होतास? नाच आटोपून परत येत होतो, असे उत्तर आले. तुला कधी एखाद्या गंभीर गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे काय? नाही, असे उत्तर आले. झाले. हे उत्तर खरे की खोटे, हे तुरुंगात बसलेला गिडियन तपासणार कसे? तो पुढच्या प्रश्नाकडे वळला. ज्यूरीने त्याला दोषी ठरविले आणि पाच वर्षांची शिक्षा झाली.

तुरुंगातून त्याने पेन्सिलीने एक अर्ज लिहिला. रेघी कागद, ठळक अक्षरे, शुद्धलेखनाच्या चुका. १९६२ च्या जानेवारीत तो अर्ज वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. गरिबाचा अर्ज शुल्क न घेता स्वीकारण्याची सोय त्या न्यायालयाच्या नियमांत आहे. असे अर्ज ढिगांनी येतात आणि बहुतेक परत जातात. हा मात्र जूनमध्ये सुनावणीसाठी स्वीकारला गेला, आणि गिडियनची बाजू मांडण्यासाठी न्यायालयाने एब फोर्टस नावाच्या नामांकित वकिलाची नेमणूक केली. अशा नेमणुकीला मेहनताना नसतो.

येथे आपला विद्यार्थी प्रवेश करतो. त्याचे नाव जॉन हार्ट एली. येल विद्यापीठात तो कायदा शिकत होता, आणि अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी सुटीत एखाद्या कचेरीत उमेदवारी करतात त्याप्रमाणे १९६२ च्या उन्हाळ्यात तो फोर्टस यांच्या कचेरीत काम करीत होता. ही कचेरी खासगी. तिचे रोजचे अशील मोठमोठे धनिक. पण त्या उन्हाळ्यात एलीच्या टेबलावर आले ते पेन्सिलीने लिहिलेल्या अर्जाचे प्रकरण.

प्रश्न असा होता. १९३२ साली, अलाबामा राज्यातील नऊ कृष्णवर्णीय मुलांच्या प्रसिद्ध स्कॉट्सबरो खटल्यात, देहान्त शिक्षेच्या प्रसंगी निराधार आरोपीला वकील दिला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. १९३८ साली केंद्राच्या न्यायालयांत सर्वच फौजदारी खटल्यांना हा नियम लागू केला. परंतु बहुतेक खटले चालतात ते राज्यांच्या न्यायालयांत. त्यांच्याविषयी १९४२ साली बेट्स नावाच्या शेतमजुराच्या खटल्यात निर्णय झाला की, राज्यांनी दर वेळी वकील द्यायला हवा असे नाही. आरोपी निरक्षर असेल, मंदबुद्धी असेल, खटला फार गुंतागुंतीचा असेल, अशा 'विशेष परिस्थिती'त मात्र द्यावा. गिडियनला लिहितावाचता येत होते, बुद्धी शाबूत होती, खटला साधा चोरीचा. म्हणजे जुना निर्णयच उलटवल्याशिवाय त्याला न्याय मिळणे शक्य नव्हते.

जुना निर्णय उलटवायचा म्हणजे काय करायचे? मोठ्याने भाषण करून ते होत नाही. वीस वर्षांत राज्याराज्यांच्या न्यायालयांनी त्या नियमाचा वापर कसकसा केला, हे निकालपत्रांचे जाडजूड खंड उलगडून पाहावे लागते. संगणक नव्हते. एक निकाल वाचायचा, त्यात उल्लेखिलेले आणखी चार शोधायचे, त्यांतले तीन निरुपयोगी निघायचे. एलीने हे काम केले, आणि त्याने लिहिलेली टिपणे फोर्टस यांच्या लेखी कैफियतीच्या पायात गेली. तुमच्यातील जे विद्यार्थी इतिहासाचा प्रकल्प एका पुस्तकातून उतरवून आणतात त्यांनी ह्या मजकुराकडे जरा लक्ष द्यावे.

ह्या शोधातून दोन गोष्टी ठळक झाल्या. पहिली अशी की १९५० नंतर 'विशेष परिस्थिती' आहे की नाही हा वाद ज्या ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, त्या प्रत्येकात न्यायालयाने ती आहे असेच ठरविले होते. नियम कागदावर उभा होता, आतून पोकळ झाला होता. दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. वकील नसल्यामुळे आपले नुकसान झाले हे आरोपीने सिद्ध करायचे. पण ते सिद्ध करण्यासाठी कायद्याचे जे ज्ञान लागते ते त्याच्यापाशी नाही म्हणून तर वकील हवा! पोहता येत नाही हे बुडणाऱ्याने काठावर येऊन सांगावे, तशातला हा प्रकार.

दुसरा एखादा वकील असता तर गिडियन कसा दुबळा, कसा अजाण, हे दाखविण्याच्या मागे लागला असता. फोर्टस यांनी पहिल्या खटल्याचे दप्तर मागवून वाचले आणि उलट मार्ग धरला. पाहा, ते म्हणाले, हा मनुष्य शहाणा आहे. सामान्य माणसाला जितके करता येईल तितके त्याने केले. आणि तरीही हा खटला त्याला चालविता आलेला नाही. स्वतः नामांकित फौजदारी वकील असलेल्या क्लॅरन्स डॅरोवर जेव्हा खटला झाला, तेव्हा त्यानेसुद्धा आधी वकील केला, ह्याचीही आठवण त्यांनी न्यायालयाला करून दिली.

१८ मार्च १९६३ रोजी निकाल लागला. नऊही न्यायाधीशांचे एकमत झाले. निकाल लिहिला न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी, ज्यांनी १९४२ साली बेट्सच्या खटल्यात विरोधी मत नोंदविले होते. एकवीस वर्षांनी त्यांचेच मत कायदा झाले. फ्लॉरिडाच्या बाजूने उभा राहिलेला ब्रूस जेकब हाही तरुण वकील होता. राज्यांच्या हक्काचा प्रश्न आहे तर इतर राज्यांनी साथ द्यावी, अशी पत्रे त्याने धाडली होती. पण वीसहून अधिक राज्यांनी न्यायालयाला कळविले ते गिडियनच्या बाजूने! हाच जेकब पुढे प्राध्यापक झाला, आणि अटलांटाच्या तुरुंगातील कैद्यांना कायद्याचे साहाय्य देण्याचे काम त्याने आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून चालविले. हरलेल्या बाजूचा वकील खटल्यातून असा काही शिकून गेला.

परंतु येथवर झाले ते एवढेच की, गिडियनचा खटला पुन्हा चालवावा आणि त्याला वकील द्यावा. तो निर्दोष आहे असे वॉशिंग्टनच्या न्यायालयाने म्हटले नव्हते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये त्याच गावात, त्याच न्यायाधीशांपुढे, पुन्हा सहाजणांची ज्यूरी बसली. ह्या वेळी गिडियनशेजारी फ्रेड टर्नर नावाचा स्थानिक वकील होता. खटल्यापूर्वी तो त्या वस्तीत हिंडला होता, माणसांशी बोलला होता. मुख्य साक्षीदाराचे ते 'नाही' ह्या वेळी टिकले नाही; मोटारचोरीबद्दल त्याने पूर्वी गुन्हा कबूल केलेला होता, हे टर्नरने उघड केले.

मला सर्वांत आवडतो तो टॅक्सीवाल्याचा प्रसंग. त्या पहाटे गिडियनला टॅक्सीतून नेणारा चालक साक्षीला आला. तो म्हणाला, आपल्याला येथून उचलल्याचे कोणाला सांगू नकोस, असे गिडियन मला म्हणाला होता. ऐकणाऱ्याला वाटावे, संपले! चोराशिवाय असे कोण सांगेल? टर्नरने आणखी एकच गोष्ट विचारली. ह्यापूर्वीही तो तुला असे म्हणत असे काय? हो, चालक म्हणाला, नेहमीच म्हणायचा. त्याचे बायकोशी पटत नसे.

ज्यूरी तासाभराने परतली. गिडियन निर्दोष सुटला. दोन वर्षे तुरुंगात काढून झाली होती.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा माझी एक आठवण मुद्दाम सांगत नाही. आज येथे लिहितो. काही वर्षांपूर्वी हस्तलिखितासाठी वर्गात वर्गणी जमत होती. ती एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेली असे. एका सोमवारी डबा रिकामा निघाला. आठवीतल्या एका मुलाच्या खिशात नाणी वाजत होती. मी त्याला उभे केले, नाणी काढायला लावली, ती टेबलावर मांडली आणि कोठून आणलीस म्हणून दरडावून विचारले. त्याने मान खाली घातली. "हांवें घेंवक नात, सर," एवढेच एकदा म्हणाला आणि गप्प झाला. त्याचे मौन हाच मी कबुलीजबाब समजलो. तेव्हा शेजारच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याने मित्राची बाजू घेऊन भाषण केले नाही. त्याने मलाच विचारले, "सर, डबो निमाणो कोणें मेजलो?" शेवटचा डबा कोणी मोजला, हे मला ठाऊक नव्हते. विचारल्यावर कळले की शनिवारी वर्गप्रमुखाने पैसे मोजून कार्यालयात भरले होते. पावती त्याच्या दप्तरात होती. त्या मुलाची आई सकाळी बाजारात मासळी विकायला बसत असे आणि शाळेच्या वाटेवर तिची मोड दुकानावर देऊन नोटा आणण्याचे काम त्याच्याकडे होते. हे सर्वांसमक्ष सांगण्याची त्याला लाज वाटली. मी त्याची क्षमा मागितली. पण तो वर्षभर पहिल्यासारखा माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही.

फिर्यादी मी, पोलीस मी, न्यायाधीशही मीच. एका प्रश्नाचा वकील आयता उभा राहिला म्हणून ठीक. असो.

गिडियनच्या निकालानंतर राज्यांना वकील पुरविणे भाग पडले, आणि त्यासाठी ठिकठिकाणी 'पब्लिक डिफेंडर' ह्यांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. फ्लॉरिडाने तर त्याच वर्षी कायदा केला. सरकारी वकील जसा सरकारच्या पगारावर आरोप सिद्ध करतो, तसा हा लोकांच्या पैशाने आरोपीचा बचाव करतो. कल्पना तशी जुनी. कॅलिफोर्नियातील पहिल्या महिला वकील क्लारा फोल्ट्झ यांनी १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात भरलेल्या कायदेपंडितांच्या परिषदेत ती मांडली होती. स्वामी विवेकानंदांच्या भाषणाने आपल्याला माहीत असलेले तेच ते वर्ष आणि तेच ते प्रदर्शन. पहिली कचेरी लॉस एंजेलिस परगण्यात १९१४ साली निघाली.

ह्या कचेऱ्यांतून आज दर उन्हाळ्यात कायद्याचे विद्यार्थी काम करतात. पुष्कळांना वेतन नसते. विद्यापीठाने थोडे विद्यावेतन दिले तर दिले. काही राज्यांत वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली न्यायालयात बोलण्याचीही परवानगी मिळते. पण बहुतेक काम न्यायालयाबाहेरचे : तुरुंगात जाऊन अशिलाची हकीगत ऐकणे, जामिनासाठी त्याच्या नातलगांचा व नोकरीचा पत्ता काढणे, जुने निकाल शोधणे. वॉशिंग्टनच्या अशा कचेरीत विद्यार्थी साक्षीदारांच्या शोधात जोडीजोडीने हिंडतात. जोडी का, हे विचार करण्याजोगे आहे. साक्षीदाराने उद्या आपली जबानी फिरविली, तर त्याने आधी काय सांगितले होते हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवे. खटला चालविणारा वकील स्वतःच पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही. म्हणून एकाने विचारायचे, दुसऱ्याने ऐकायचे व लिहायचे.

आणि ऐकलेले बाहेर बोलायचे नाही. अशिलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या परवानगीविना घरीदारी कोठेही सांगता येत नाही. अशील दोषी असल्याचे कळले तरी? हो, तरीही. त्याने केले असेल त्याहून अधिक गुन्हा त्याच्या माथी मारला जाऊ नये, पुरावा कायद्याने गोळा झालेला असावा, शिक्षा नियमाबाहेर होऊ नये, ही कामे तेव्हाही उरतातच. मागच्या बाकावरच्या प्रश्नाला द्यावयाच्या उत्तराचा हा भाग आहे. दुसरा भाग असा की, 'ज्याने चोरी केली' हे शब्द खटल्याच्या शेवटी उच्चारावयाचे असतात; आपण ते आरंभी उच्चारतो.

तुमच्या वयाच्या मुलांचाही ह्याच्याशी संबंध आला. ॲरिझोना राज्यात १९६४ साली जेरल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलावर शेजारच्या बाईला दूरध्वनीवर अचकट विचकट बोलल्याचा आरोप आला. वकील नाही, तक्रार करणारी बाई न्यायाधीशांसमोर आलीसुद्धा नाही, आणि मुलाला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला! हाच गुन्हा मोठ्या माणसाने केला असता तर थोडासा दंड किंवा फार तर दोन महिन्यांची कैद. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि मुलांनाही वकिलाचा हक्क आहे असे ठरविले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते एब फोर्टस. ते १९६५ साली त्या न्यायालयावर आले होते.

ह्यावरून अमेरिकेत सारे आलबेल आहे असा समज मात्र करून घेऊ नये. ह्या वकिलांवर प्रकरणांचा बोजा इतका असतो की, एकेका अशिलाला पुरेसा वेळ देता येत नाही. तेथे होणाऱ्या शंभर दोषसिद्धींपैकी नव्वदांहून अधिक खटला न चालताच, आरोपीने सौद्याने गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. ज्याला टर्नरसारखा, वस्तीत हिंडून चौकशी करणारा वकील मिळाला नाही, त्याला नुसता नावाचा वकील मिळून काय लाभ, हा प्रश्न तेथील विचारवंतांना सतावतो आणि तो योग्यच आहे.

आता आपल्याकडे वळू. माझे आजोबा कोंकणी बोलत, मराठी वाचत, आणि १९६१ पूर्वी गोव्यातील न्यायालयाचा कागद घरी आला तर तो असे पोर्तुगीज भाषेत. कागद वाचून दाखविणारा मनुष्य शोधण्यातच अर्धा दिवस जाई, असे ते सांगत. ज्याला आपल्यावरचा आरोपच कळत नाही, तो बचाव कसला करणार?

स्वतंत्र भारताच्या घटनेत वकील करण्याचा हक्क पहिल्यापासून होता. पैसे नसतील तर काय, हे स्पष्ट व्हायला वेळ लागला. १९७६ साली घटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबाला विनामूल्य कायदेविषयक साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची दैना वृत्तपत्रातून उघडकीस आली. कित्येकजण तर त्यांच्यावरील गुन्ह्याला जास्तीत जास्त जी शिक्षा आहे, तिच्याहून अधिक काळ खटल्याविनाच आत होते. कपिला हिंगोरानी ह्या वकील बाईंनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. त्यातील एका स्त्रीच्या नावावरून ते हुसैनआरा खातून खटला म्हणून ओळखले जाते. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की गरीब आरोपीला वकील देणे हा न्याय्य खटल्याचाच भाग आहे. पुढे १९८६ साली न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले : आरोपीने वकील मागितला नाही म्हणून तो दिला नाही, ही सबब चालणार नाही. ज्याला हक्क ठाऊकच नाही तो मागणार कोठून?

१९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्यासाठी यंत्रणा उभारली. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. घरी सांगण्याजोगी गोष्ट अशी की, स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि अटकेत असलेला कोणीही, ह्यांना विनामूल्य वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी क्रमांक १५१००. २०२२ साली एक नवी व्यवस्था जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू करण्यात आली. पूर्वी नामिकेतील खासगी वकिलांकडे अशी प्रकरणे एकेक करून सोपविली जात. आता आरोपींच्या बचावाचेच काम पूर्ण वेळ करणारे वकील नेमले जातात. गिडियनच्या देशातील कचेरीची ही आपल्याकडील धाकटी बहीण म्हणावी.

आपल्या विद्यार्थ्यांनाही अशी उमेदवारी करावी लागते. वकील परिषदेच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे. अमेरिकेतल्यासारखे न्यायालयात उभे राहून बोलता मात्र येत नाही. सनद मिळाल्याशिवाय ते नाही.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या कायदा शिकते. गेल्या मे महिन्यात तिने चार आठवडे अशा बचाव-वकिलांच्या हाताखाली काढले. एके संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी उत्सुकतेने विचारले, काय शिकलीस? "पहिले आठ दिवस धागे सोडले आणि बांधले, सर," ती म्हणाली. दप्तरांचे धागे! दुसऱ्या आठवड्यात वकिलांबरोबर तुरुंगात गेली. नावगाव तिने मला सांगितले नाही, आणि ते बरोबरच केले. तेथे बांधकामावरचा एक मजूर होता. त्याला जामीन मंजूर होऊन कित्येक आठवडे लोटले होते. तरी तो आतच. कारण जामीन राहायला ह्या मुलुखात त्याचे कोणीच नव्हते. तो कन्नड बोलत होता. हिच्या आजोळी कन्नड बोलतात, म्हणून त्याच्याशी बोलण्याचे काम हिच्याकडे आले. तो मजूर ज्या मुकादमाकडे राबत होता त्याचा ठावठिकाणा तिने दोन दिवस फोन करून शोधला, तो कोठे राहत होता आणि किती दिवस कामावर होता हे लिहून घेतले, आणि वैयक्तिक बंधपत्रावर सोडावे अशा अर्जाचा मसुदा केला. वकिलांनी त्यातील अर्धाअधिक मजकूर खोडला. उरलेला न्यायालयात गेला. त्यावर तिची सही नाही, नाव नाही.

"मग सुटला का तो?" मी विचारले.

"सुटला. पण मी तेव्हा परीक्षेच्या अर्जासाठी महाविद्यालयात होते. मला दुसऱ्या दिवशी कळले."

तिला पुढे काय करायचे आहे हे अजून ठरलेले नाही. एलीने काय केले, हे मी तिला सांगितले. तो सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचा साहाय्यक झाला, मग सॅन डिएगो शहरात दोनेक वर्षे गरीब आरोपींचा वकील म्हणून त्याने काम केले, नंतर प्राध्यापक झाला. १९८० साली प्रसिद्ध झालेला त्याचा लोकशाही आणि न्यायालयाचे अधिकार ह्यांवरील ग्रंथ अमेरिकेतील कायद्याचे विद्यार्थी अजून वाचतात. २००३ साली तो वारला. गिडियन त्याच्या पुष्कळ आधी, १९७२ साली गेला. तिने हे सारे ऐकले आणि विचारले, "सर, तो सुटीत रोज किती निकाल वाचत असेल?" ह्याचे उत्तर मला देता आले नाही.

पुढच्या सत्रात ती आठवीच्या वर्गाशी बोलायला येणार आहे. वकील कशाला, हे ज्याने यंदा मला विचारले, त्याने तो प्रश्न तिलाच विचारावा असे मी त्याला सांगून ठेवले आहे.